तिसरी ताई

परक्या कुटुंबांत सांभाळल्या जाणाऱ्या मुलांना संस्थेच्या मॅडम एकेक स्वयंसेवक ताई किंवा दादा जोडून देत. काम सोडायचं असेल तर त्या ताईने किंवा दादाने मुलाला स्वतः भेटून सांगायचं, हा मॅडमचा नियम. पंधरा वर्षांच्या चिमणीला दोन तायांनी असं गोड बोलून सांगून झालं होतं.

तिसरी ताई अपघातात गेली. मॅडम कळवायला आल्या, तर चिमणीने त्यांना दारातच अडवलं.

"तुम्ही कशाला आलात? तिलाच पाठवा. तोंड लपवून बसली का? नियम तुमचाच आहे ना!"

"ती आता नाही गं राहिली. परवा तुझ्याकडेच यायला निघाली होती. वाटेत गाडीने उडवलं."

चिमणी भिंतीला टेकून ढसाढसा रडली. मग डोळे पुसता पुसता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हणजे मला सोडून नाही गेली ती!"

काही आठवड्यांनी मॅडम नव्या ताईला घेऊन आल्या. "मी दर शनिवारी नक्की येणार हं," नवी ताई म्हणाली. चिमणीने तिला नीट निरखून पाहिलं.



"मरेपर्यंत ना?"