अडकवलेलं बटण

वायरलेस निवडताना दुकानदाराने वैजूला बजावलं होतं, "याचं बटण अडकवून ठेवता येतं, पण तोवर बोलणाऱ्याला पलीकडचं ऐकू येत नाही."

"आमचे हे घरी तरी कुठे ऐकतात!" ती हसली. गाडी चालवताना नवऱ्याचा अंगठा अवघडायला नको, म्हणून तिने तोच संच घेतला.

आज स्पितीच्या घाटात पुढच्या जीपमधून तो बटण अडकवून मोठ्याने गाणी गात होता. मागे दिराच्या जीपमध्ये बसलेल्या वैजूला खालच्या वळणापलीकडचं दिसलं. पूल वाहून गेला होता.

"अहो, थांबा! पूल नाहीये!" ती वायरलेसवर किंचाळली.

त्याची तान रंगतच गेली. मग एकदम तुटली, आणि वायरलेसवर नुसतं पाणी वाजत राहिलं.