पाइपांखालचा आवाज

मगर पिंजऱ्याजवळून सरळ पुढे गेली. आत टांगलेल्या कोंबडीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट पिराजीच्या जुन्या लोखंडी पाइपांच्या चवडीवर चढली आणि नखांनी लोखंड खरवडू लागली.

उसाच्या कडेला दबून बसलेला पिराजी वनखात्याच्या क्रांती मॅडमना म्हणाला, "बघा. खोटं सांगत हुतो का मी? आठवडा झाला, मोटरीकडं फिरकू देत न्हाय. हिला धरा आन् लांब नेऊन सोडा."

"लोखंड खाती व्हय ती?" मागून त्याची बायको झुंबरबाई कुजबुजली. "भंगारवाल्याची पावणी असंल."

उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी उतरू लागलं, तशी पिराजीनं मोटर काठावरून खाली घेतली होती. शिरोळ भागात सगळेच घेतात. उरलेले पाइप त्यानं मऊ मातीच्या उंचवट्यावर रचून ठेवले होते. आता मोटर बंद होती आणि ऊस माना टाकत होता.

मगर पुन्हा पाण्यात उतरली. क्रांती धावतच चवडीपाशी गेली, वाकली आणि तिनं हातानं पिराजीला बोलावलं.

"दादा, इथं कान लावा."

पिराजीनं भीत भीत पाइपाला कान लावला. जमिनीखालून आवाज येत होता. बारीक, घाईचा, कोंबडीच्या पिल्लांसारखा. एक थांबला की दुसरा.

"अंडी आहेत खाली. पिल्लं आईला हाका मारताहेत." क्रांतीला धाप लागली होती. "तिनं उकरल्याशिवाय ती बाहेर येणार नाहीत. आणि वर तुमचं लोखंड."

पिराजीनं नदीकडे पाहिलं. पाण्यावर दोन डोळे होते. ते हलत नव्हते.

"माझ्या तोंडाकडं काय बघताय मॅडम? धरा की दुसरं टोक."

तिघांनी मिळून पाइप बाजूला ओढले आणि उसात पळ काढला. मगर वर आली. माती उडू लागली. तिनं खड्ड्यात तोंड घातलं. बाहेर काढलं तेव्हा तिच्या दातांमधून एक इवलीशी शेपटी वळवळत होती. जबडा मिटला.

"खाल्लं की वो," झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला.

पाइप पिराजीनंच हलवले होते. क्रांतीनं फक्त नदीकडे बोट केलं.

मगर उथळ पाण्यात थांबली, तिनं जबडा हळूच उघडला आणि वीतभर पिल्लू दातांच्या रांगेतून पोहत बाहेर आलं.