ओठांनी काढलेले टोक

आजोबांनी काउंटरवरच्या पाण्याच्या वाटीत नवा ब्रश बुडवला, ओठांत धरून हलकेच फिरवला आणि बाहेर काढला. केसांना सुईसारखे टोक आले होते. त्या टोकाने त्यांनी रद्दी कागदावर एक रेघ ओढली. ती आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी बारीक उतरली.

"हे आठ द्या," ते समाधानाने म्हणाले.

"अहो काका, ब्रश आहे तो, आइस्क्रीमची काडी नाही!" चित्रसाहित्याचे ते दुकान वडिलांच्या मागे सांभाळणाऱ्या बाई हसल्या.

"चाळीस वर्षं काळ्यापांढऱ्या फोटोंत रंग भरले, ते असेच. किती नवरीमुलींचे गाल या ओठांनी रंगवले म्हणून सांगू!"

"काकूंना माहीत होतं का हे?"

आजोबाही मनापासून हसले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी मुलांसाठी जलरंगांचा विनामूल्य वर्ग सुरू केला होता, आणि त्याचेच साहित्य घ्यायला ते आले होते. पाणी पडल्यावर सुरकुतणार नाही असा जाड कागद त्यांनी बोटांनी चाचपून निवडला. रंग कालवायच्या पांढऱ्या ताटल्या निवडल्या.

"सकाळी पहिला तास झाला," ते सांगू लागले. "सगळ्यांत आधी टोक काढायला शिकवलं. माझ्या नातीसकट आठही जणांना पहिल्या खेपेलाच जमलं, बघा."

कागदाची गुंडाळी करणारे बाईंचे हात थांबले.

"ओठांनी?"

"मग कशानं?"

"आणि रंग कुठले दिलेत, काका?"

"आज नवे नव्हते. माझ्या गुरूंची पेटी नेली. त्यांना ती त्यांच्या गुरूंकडून मिळालेली. म्हटलं, पोरांचा श्रीगणेशा त्या रंगांनी व्हावा."

"त्यात हिरवा होता?"

"होता ना! पाचूसारखा. गुरूंनी कधी उघडला नाही, मग मीही नाही उघडला. आज पहिल्यांदा वडी भिजवली." आजोबा थबकले. "का हो?"

बाईंनी हातातली गुंडाळी खाली ठेवली. मग त्या सावकाश म्हणाल्या, "तसल्या जुन्या हिरव्याची एक डबी आमच्या बाबांकडे होती. ती ते कुलपात ठेवायचे. आम्हाला हात लावू देत नसत. पूर्वी काही हिरव्या रंगांत सोमल असायचा."

"सोमल? उंदरांना घालतात तो?"

"तोच. सगळ्याच हिरव्यांत नसायचा. वडीच्या कागदावर काय लिहिलंय?"

"कागद केव्हाच झडून गेला." आजोबांनी काउंटरची कड धरली. "पण मला कुठे काय झालं? चाळीस वर्षं..."

"काका, तुम्ही हिरवा वापरलाच नाहीत ना."

गुरूंनी तो रंग का उघडला नाही, हे विचारण्याचे त्यांना उभ्या जन्मात सुचले नव्हते. वडीलधाऱ्यांनी मिटून ठेवलेल्या वस्तूला कारण विचारायचे नसते, ती जपायची असते, अशीच त्यांची समजूत होती.  त्यांनी खिशातून फोन काढून लेकीला लावला. कान मंद झाल्यामुळे त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे. लेकीचा स्वर दुकानभर घुमला.

"बोला, बाबा."

"छोटी कुठे आहे?"

"आडवी झालीय. पोटात कळ येते म्हणते. काहीतरी अरबटचरबट खाल्लं असणार, दुसरं काय? थांबा, देते तिच्याकडे."

"आजोबा, नवे ब्रश घेतलेत?" नातीचा आवाज जडावला होता.

"घेतले गं राणी. सकाळी हिरवा रंग तोंडात गेला का तुझ्या?"

"तुम्ही गेल्यावर आम्ही खेळ खेळलो ना. डोळे मिटायचे आणि चवीवरून रंग ओळखायचा. हिरवा सगळ्यांनी ओळखला. तो गोड लागतो."

"सगळ्यांनी?"

"हो. पुढचे दात पडलेल्या त्या मुलानं तर दोनदा ओळखला."

 बाईंनी आजोबांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"बाळा, आईकडे दे फोन. ताई, मी रंगांच्या दुकानातून बोलतेय. लेकीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. वाट बघत बसू नका. आणि ती रंगांची पेटी कुठे आहे?"

"इथेच आहे, छोटीनं घरी आणलीय. पण झालं काय?"

"पेटी बरोबर न्या. मुलांच्या पोटात त्यातला हिरवा रंग गेलाय, एवढं डॉक्टरांना सांगा. बाकी नंतर."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. बाईंनी गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढून आजोबांपुढे ठेवला.

"उरलेल्या सात मुलांची घरं सांगा, काका. जवळचं आधी."

आजोबांनी डोळे मिटले. जो येईल त्याला त्यांनी बसवून घेतले होते. नावगाव कोणाचेच विचारले नव्हते. मिटल्या डोळ्यांपुढे मात्र सातही चेहरे स्वच्छ उभे राहिले. एकीच्या हनुवटीवरचा तीळ, एकाची दुभंगलेली भुवई, कोणाच्या गालावरची लाली नेमकी कुठून सुरू होते, तेसुद्धा.

"काका, घरं!"

"घर एकाचंही ठाऊक नाही मला," ते म्हणाले.

मग त्यांनी काउंटरवरची पेन्सिल उचलली, डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले, आणि पहिल्या मुलाचा कान काढायला घेतला.