दहा किलोंची अट

वजन दहा किलोंनी उतरलं, तर कुंदाताईला धाकटा भाऊ परत मिळणार होता. तसा सौदा स्वस्तच. अरुणची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि ताईचं एक त्याला जुळत होतं. डॉक्टरांची अट फक्त वजनाची होती.

"तायडे, एवढ्या चरबीत किडनी शोधायला डॉक्टरांना कुदळ लागेल," डायलिसिसच्या खाटेवरून तो चिडवायचा.

"गप रे. माझी बसली की तूही माझ्यासारखाच सुटशील!"

ताईनं भात सोडला, साखर सोडली. वजन घटवायच्या क्लबातल्या एका वहिनींनी, वजन झरझर उतरतं म्हणत, खनिजांच्या गोळ्या दिल्या, रोज एक कॅल्शियमची, एक झिंकची. ताईला घाई, ती मूठभर घ्यायची. डॉक्टरांना कशाला विचारायचं? औषध थोडंच होतं ते!

दहाच्या जागी अकरा किलो उतरले. पण सोनोग्राफी करताना डॉक्टरांनी विचारलं, "कॅल्शियम किती घेत होतात? दोन्ही मूत्रपिंडांत खडे झालेत. आता तुमचं घेता येणार नाही."

ताई बाहेर आली. अरुण बाकावरून हसत उठला. "अगं, ओळखूच येत नाहीस!"

ताईचं फक्त वजन गेलं होतं. किंमत अरुणनं मोजली होती, आणि ते आता तिनंच त्याला सांगायचं होतं.