कुंडीतली काठी

काठी जिवंत आहे की मेली, याचा निकाल आज लावायचा, असं बायकोने सकाळीच जाहीर केलं.

“आज कशाला? रविवारी बघ,” नवरा म्हणाला आणि पेपर घेऊन आत गेला.

थंडी सरली होती. नर्सरीतून आणलेली रोपं गॅलरीत काळ्या पिशव्यांत उभी होती. मोगऱ्याची दोन, जरबेऱ्याचं एक, टोमॅटोची चार, आणि एक असं, ज्याचं नाव नर्सरीवाल्यालाही सांगता आलं नव्हतं. ते तिने त्याचसाठी घेतलं होतं. बाकी सगळ्यांची सोय दुपारपर्यंत लागली. बिननावाच्या रोपाला तेवढी जागा उरली नाही, कारण सगळ्यात मोठी कुंडी काठीने अडवली होती.

काठी म्हणजे चाफ्याची फांदी. हातभर लांब, करडी. पान नाही, डोळा नाही. रस्ता रुंद करताना नवऱ्याचं केस कापायचं दुकान गेलं, त्याच दिवशी दुकानाच्या दारातला चाफाही गेला. ढिगातून तिने ही एक फांदी उचलून आणली. चाळीस वर्षं ज्या दारात नवरा उभा राहिला, त्या दुकानाचा विषय त्याने त्यानंतर काढला नव्हता. चाफ्याचाही नाही.

“काठीला पाणी घालतेस, तर खुर्चीच्या पायांनाही घाल. फुटतील कदाचित,” एवढंच तो अधूनमधून म्हणायचा.

चाफा जिवंत असला तर साल खरवडल्यावर आत हिरवं दिसतं, दूध येतं. ते कळल्यापासून तिला धीर धरवत नव्हता. रोज चहा झाला की ती नखाने एक ओरखडा काढून बघायची. शेंड्यापासून सुरुवात करून आता मधोमध आली होती. चौदा ओरखडे झाले. सगळे कोरडे, तपकिरी.

तिने पंधरावा काढला. तोही तसाच.

“काय मावशी, नाडी लागतेय का?” वरच्या गॅलरीतून आवाज आला. दवाखान्यातली सिस्टर ड्युटीवरून येऊन कपडे वाळत घालत होती.

“नाही गं. टाकतेच आता.”

“खाली बघितलंत का? अगदी मातीजवळ?”

“खाली वाकवतंय कुणाला!”

“मग बसून बघा की. पेशंट टाकायची एवढी काय घाई?”

“झाला का पंचनामा?” आतून नवऱ्याने विचारलं. पेपरचं पान मघापासून उलटलेलं नव्हतं.

“झाला की सांगते.”

तिने पाट ओढला, त्यावर बसली आणि कुंडीचा काठ दोन्ही हातांनी धरून कुंडी फिरवली. भिंतीकडची बाजू पहिल्यांदाच उजेडात आली.

मातीपासून वीतभर उंचीवर आणखी ओरखडे होते. ते तिचे नव्हते. तिचे ओरखडे मांजराने नखं मारल्यासारखे. हे केसाएवढे बारीक, सरळ, एकाखाली एक, सारखं अंतर सोडून. सहा होते. प्रत्येकावर पांढरं काहीतरी वाळलेलं.

दूध! तिने वरच्यावरून बोट फिरवलं. खरखरीत लागलं. बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. ही पांढरी भुकटी तिने चाळीस वर्षं त्याच्या सदऱ्यांच्या खिशांतून झटकली होती.

तुरटी.

म्हणजे दुपारी ती आडवी झाली की हा वस्तरा घेऊन इथे येत होता. सालीला छेद द्यायचा, आत बघायचा, आणि वरून तुरटी लावून निघून जायचा. आपल्या हातून कुणाच्या गालावर कधी रक्ताचा थेंब आला नाही, असं जो सगळ्या गल्लीला सांगत आला होता, तो हा.

सगळ्यात खालचा छेद ताजा दिसत होता. तिने ओल्या बोटाने त्यावरची तुरटी पुसली. आत हिरवं होतं. तिने नखाने हलकेच दाबलं. एक पांढरा थेंब वर आला, जरासा थांबला आणि सालीवरून ओघळला.

“अहो, तुमचा वस्तरा कुठे असतो हल्ली?”

आत पेपरची घडी पडली. थोड्या वेळाने नवरा गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिला. फिरवलेली कुंडी त्याने बघितली. मग तिच्याकडे बघितलं.

“दूध आलंय,” ती म्हणाली.

“काल आलं.”

“आणि बोलला नाहीत!”

“एका दिवसाचं काय बोलायचं? आज येतंय का, ते बघणार होतो. तू उठायची वाट बघत होतो इथून.”

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. कोपऱ्यातली गळकी बादली ओढली आणि बिननावाच्या रोपासाठी तीत माती भरायला लागली.

“आता पाळी लावून घेऊ,” पाठमोरीच ती म्हणाली. “एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. दोघं असेच बघत राहिलो तर साल उरायची नाही.”

तो पाटावर बसला. खिशातून तुरटीचा खडा काढला, झारीतल्या पाण्यात बुडवला आणि ओघळणाऱ्या थेंबावर अलगद धरला.

“हलू नका,” तो दुकानातल्या आवाजात म्हणाला.