पोर्टाखची साल

“पुन्हा वाच,” बार्टले म्हणाला. माती कापायचा लांब दांड्याचा श्लान त्याने जमिनीत रोवला आणि कान पुढे केला.

पाचवीतल्या रिओनाने वही डोळ्यांजवळ धरली. पानावर डावीकडे आयरिश शब्द होते, उजवीकडे त्यांचं इंग्रजी. डावीकडचा तो लांबलचक शब्द तिने तुकडे करत कसाबसा वाचला.

“ही कुठली भाषा म्हणायची?”

“आपलीच, आजोबा. आयरिश.”

“अस्सं? मग सत्त्याहत्तर वर्षं मी काय बोलतोय? बघ बाई, समोरचं इंग्रजी काय म्हणतं ते.”

रिओनाने वाचलं. माणसाने कापून नासवलेला पोर्टाख.

हे मात्र बार्टलेला एका दमात कळलं. तो खाली बघत राहिला. त्याने कापलेल्या खड्ड्याच्या काठावर काळ्या, ओल्या मातीच्या विटा हिवाळ्याच्या जळणासाठी रांगेने मांडल्या होत्या. ही शेवटची रांग. पुढच्या वर्षापासून या पोर्टाखात, म्हणजे शेवाळ कुजून बनलेल्या या ओल्या, मऊ रानात कापणी बंद होणार होती आणि रस्त्याच्या कडेला दोन भाषांतला फलक लागणार होता. त्यावरचे शब्द तपासायला शाळेकडे आले होते. उद्या ते परत जायचे होते.

“तुला विचारायलाच आणलंय तिला,” नान्सबाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शब्द तपासायचे म्हटलं की अजून त्यांनाच बोलावत. पोत्यावर बसून त्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेल्या बाटलीतून चहा ओतत होत्या. “आणि शब्द खोटा नाही, बार्टले. रस्त्यापलीकडे यंत्रं फिरली, तिथे जाऊन बघ. बारा वर्षांत गवताची काडी उगवली नाही.”

“मग तिकडे लावा की फलक! इथे लावलात तर पोरं विचारतील, कुणी नासवलं? आणि नाव सांगायला तू आहेसच.”

“मी कशाला सांगू? एका बाकावर बसायचो आपण, तिसरीपर्यंत तुझं नाव तुलाच लिहिता येत नव्हतं.”

बार्टले हसला नाही. ढग खाली उतरले होते. डबक्यांतही तेच ढग होते, त्यामुळे रान कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. दूर कुठेतरी कोकीळ दोनदा ओरडून थांबला.

“चांगला पोर्टाख कसा असतो, ते आहे का तुझ्या वहीत?”

रिओनाने पान उलटलं. तिथे तिने रंगीत चित्र काढलं होतं: हेदरची जांभळी फुलं, पांढरं कापूसगवत, लालसर शेवाळ. खाली दोन्ही भाषांत लिहिलं होतं, ‘कधीच न कापलेला’.

“सकाळीच काढलं. इथेच बसून.” तिने पायाखाली बोट दाखवलं.

बार्टलेने ते चित्र खूप वेळ पाहिलं.

“उडी मार,” तो म्हणाला.

“काय?”

“मार गं. जोरात.”

रिओनाने उडी मारली. जमीन खाली गेली आणि हळूच वर आली. ती थरथर लांब पसरत गेली. बाईंच्या कपातला चहा हलला, डबक्यातले ढग हलले, दहा पावलांवरचं कापूसगवत डोललं. खाली कुणीतरी मोठं झोपलं होतं आणि त्याने कूस बदलली होती.

“जिवंत आहे,” ती कुजबुजली.

“आहेच. माझ्या पणजोबाने इथून दोन पुरुष खोल माती काढली होती.”

रिओनाने चित्राकडे पाहिलं, मग पायाखाली. “मग हे सगळं परत कुणी लावलं?”

बार्टले गोणपाटाकडे वळला. माती कापण्याआधी वरची गवताची साल मुळांसकट काढून त्याने ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. त्यातला एक तुकडा उचलून तो खड्ड्यात उतरला. उघड्या काळ्या तळावर तो ठेवून त्याने तळव्याने दाबला. मग त्याला लागून दुसरा.

“घरी जायच्या आधी एवढं करायचं,” तो म्हणाला. “बापाने कान पिळून शिकवलंय.”

रिओना वही ठेवून खाली उतरली. तिनेही एक तुकडा उचलून ठेवला.

“तोंड वर, पोरी. त्याला आभाळ दिसायला हवं.”

तिने तो उलटा केला. थोड्या वेळाने काळ्या हातांनीच ती वर गेली, वही उघडली आणि चित्राखालचे शब्द दोन्ही बाजूंनी खोडले.

“पणजोबांचं नाव काय होतं?”

“फेस्टी. का?”

तिने एकेक अक्षर करत लिहिलं, ‘फेस्टीने कापलेला’. आधी डावीकडे, मग उजवीकडे. बाईंनी वाकून वाचलं आणि बार्टलेसाठी दुसरा कप भरला.

“शाळा सुटली का तुमची?” खालून आवाज आला. “अजून अकरा तुकडे उरलेत!”

रिओनाने बूट काढले आणि ती खड्ड्याच्या काठावर आली.

“आजोबा, इथे उडी कधी मारता येईल?”

“शंभरेक वर्षं धर. येताना चहा आण.”

कप घेऊन ती खाली उतरली आणि तिने नुकत्याच ठेवलेल्या सालीवर अनवाणी पाय अगदी हळू टेकवला.