अकादमीसमोरचा फ्लेक्स

“नूरभाई, थांबा! ते छापू नका!” रत्नमाला दुकानाच्या पायऱ्या चढता चढताच ओरडली. नूरमोहम्मदचा फोन आला तशी टीव्ही सेंटर चौकातल्या दवाखान्यातून ती धावत आली होती. दवाखान्याचा निळा कोट अंगावर तसाच होता.

आत तिचा आकाश नूरमोहम्मदच्या खुर्चीमागे उभा होता. त्यानं नुसतं वळून बघितलं आणि पुन्हा मान स्क्रीनकडे फिरवली.

शहरात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, कुणाला भावपूर्ण श्रद्धांजली असो, फ्लेक्स नूरमोहम्मदच्याच मशीनमधून निघायचा. पोलीस भरतीच्या अकादमीबाहेरचा फ्लेक्सही त्यानंच केला होता. वर ‘आमचा वाघ’, खाली धावणारा आकाश. हा वाघ भरतीच्या मैदानावर तिसऱ्या फेरीत कोसळला, चार दिवस आयसीयूत पडला, मग तीन महिने नशामुक्ती केंद्रात राहून आला. फ्लेक्स मात्र उतरला नाही. तो बघून नवी पोरं अजून अकादमीत नाव घालत होती. आणि आता आकाशला त्याच्या बरोब्बर समोर दुसरा फ्लेक्स लावायचा होता. दहा बाय आठचा. स्वतःचा फोटो, स्वतःचं नाव आणि इंजेक्शनची सगळी हकिकत.

“झाकली मूठ सव्वा लाखाची असती, आकाश,” ती धापा टाकत म्हणाली. “लोक हार्ट अटॅक समजतेत ना? समजू दे. उद्या तुला नोकरी कोण देईल? पोरगी कोण देईल?”

“मूठ झाकली म्हणूनच हे चाललंय, आई. काल नवी बॅच बघितली मी. कोपरापाशी तसलेच निळे डाग हायेत पोरांच्या. अकादमीच्या सरांना जे करायचं ते करू दे. मी नाय गप बसणार.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पोराच्या लग्नाची काळजी तिला होतीच, पण धावत ती आली होती वेगळ्याच भीतीनं. अकादमीचे सर बाटल्या द्यायचे. ताकदीचं औषध आहे म्हणायचे. शिरेत सुई टोचायची म्हणजे जाणता हात हवा, आणि वीस वर्षं दवाखान्यात सुया टोचणारी बाई घरातच होती. सरावाला निघण्याआधी पोरगा हात पुढे करायचा आणि रत्नमाला सुई टोचायची. बाटलीवरचा कागद सोललेला असायचा. दुसऱ्या महिन्यात एकदा तो सोलायचा राहिला आणि तिनं नाव वाचलं. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब पडला तर द्यायचं औषध होतं ते. धडधाकट पोराला टोचलं तर त्याची चटक लावणारं, हृदय पोखरणारं. तिला सगळं कळलं. पण त्याच आठवड्यात आकाशचे सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत, म्हणजे पैकीच्या पैकी मार्कांत, आले होते, आणि खुंटीला टांगलेली खाकी वर्दी तिला उघड्या डोळ्यांनी दिसायला लागली होती. तिनं तो कागद चुरगाळून चुलीत टाकला. सुई पुढे दोन वर्षं चालू राहिली.

सुई कोण टोचायचं, हे दोघांनाच ठाऊक होतं. कागद वाचल्याचं तर आकाशलाही ठाऊक नव्हतं. सुईचं फ्लेक्सवर आलं की डॉक्टर दुसऱ्या दिवशी तिला बाहेर काढणार. गल्लीतल्या बाया तोंडात शेण घालणार. आई की वैरीण, म्हणणार.

“काय लिहिलंय त्यानं?” तिनं विचारलं.

नूरमोहम्मदनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. “तुम्हीच वाचा, ताई. मेरे मुँह से नको.”

‘मी आकाश कडुबा वाकळे. मी वाघ नाही. मी दोन वर्षं इंजेक्शन घेऊन पळालो. ते समोरच मिळायचं. सुई मी माझ्या हातानं टोचून घ्यायचो. सव्विसाव्या वर्षी माझं हृदय म्हाताऱ्याचं झालंय. आज घरी आपल्या पोराची बाही वर करून बघा.’

तिनं परत वाचलं. ‘माझ्या हातानं.’ भर चौकात उभं राहून सगळं खरं सांगायला निघालेला पोरगा एवढं एकच खोटं बोलला होता. तिच्यासाठी.

म्हणजे ती सुटली होती. आता गुपचूप घरी जायचं, बस्स. पण ती स्क्रीनसमोरून हलली नाही. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“बोला, ताई,” नूरमोहम्मद म्हणाला. “अकादमीवाले माझे जुने गिऱ्हाईक आहेत, पण पोरगा खरं बोलतोय. तुम्ही नाय म्हणलात तरच थांबतो.”

रत्नमालानं गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

“यावरचा फोटो घ्या. ह्याच्या शेजारी टाका. ह्याच्याएवढाच मोठा.”

आकाशनं तिचा दंड धरला. “आई, येडी झाली का? तू जा घरी. नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ दे.” तिनं दंड सोडवून घेतला. “नूरभाई, ते ‘माझ्या हातानं’ खोडा. तिथं लिहा, सुई आई टोचायची. बाटलीवरचं नाव वाचल्यावरसुद्धा टोचायची.”